चवथीचा खडा

१

चंद्राचा फोटो घाईनं बिघडतो, असं स्नेहल म्हणायची. लोक पौर्णिमेला मोबाईल वर करतात आणि घरी येऊन बघतात तर काळ्या कागदावर पिठाचा ठिपका. पौर्णिमेला उजेड समोरून पडतो, सावल्याच नसतात, मग खड्डे दिसणार कुठून? अष्टमीचा अर्धा चंद्र धरावा, दिवेलागणीला, आभाळात निळा रंग शिल्लक असताना. आणि तो दिवा आहे असं समजू नये. तो उन्हात पडलेला दगड आहे. उन्हातल्या दगडाचा फोटो जसा काढतो तसाच काढायचा.

हे सगळं भैरवीला पाठ होतं. स्नेहल तिची थोरली बहीण. ती जाऊन सहा महिने होऊन गेले होते, आणि तिच्याच जागेवर, मंगळवार पेठेतल्या वसंतअण्णांच्या फोटो स्टुडिओत, आता भैरवी कामाला होती.

गल्लीला याचं भारी कौतुक. "अण्णांचं काळीज बघा. थोरलीनं दुकानातली लेन्स लांबवली, तरी धाकटीला कामाला घेतलं." भैरवीची आई मीनाक्षीही हेच बोलायची आणि वर सांगायची, सकाळी गेल्या गेल्या त्यांच्या पाया पडत जा. भैरवी पडत नव्हती. ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि माणूस वयानं मोठा म्हणून बरोबर असतो, हा नियम तिला कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता. दुकानात ती एकाच गोष्टीसाठी आली होती. स्नेहलनं चोरी केली नाही, हे अण्णांच्या तोंडून चार माणसांत वदवून घ्यायचं. कसं, ते अजून ठरलं नव्हतं.

चैत्रातल्या एका दुपारी अण्णांनी तिच्यासमोर काळी पेटी सरकवली.

"नवी लेन्स हाय. म्हंजे वापरलेलीच, पुण्यातनं घेतलिया. पुढच्या सालच्या क्यालेंडरवर चांद टाकायचा हाय आपल्याला. तुझी बहीण काढायची तसला."

"तिच्यासारखा मला जमत न्हाय, अण्णा."

"जमतंय की. रक्त एकच हाय." मग मिशीतल्या मिशीत हसत ते म्हणाले, "फक्त लेन्स माघारी आणून ठेव म्हंजे झालं."

पासपोर्टच्या फोटोसाठी केस विंचरत बसलेलं गिऱ्हाईक खी खी करून हसलं. भैरवीनं पेटी उचलली.

२

खाली दुकान, त्यावर अण्णांचं घर, त्यावर गच्ची. जिना गच्चीवर उघडतो तिथं पत्र्याची एक खोली. जुन्या काळी गिऱ्हाइकांच्या पाठीमागं लावायचे ते रंगवलेले पडदे तिथं गुंडाळून ठेवलेले. ताजमहाल, धबधबा, शिकारा. दार लोटलं की ओल्या गोणपाटासारखा वास यायचा.

सूर्य रंकाळ्याकडं उतरला तसा भैरवीनं ट्रायपॉड लावला. अष्टमी होती. अर्धा चंद्र डोक्यावर आधीच येऊन थांबला होता. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिनं तो मोठा करून घेतला आणि लेन्सची रिंग हळूहळू फिरवायला लागली.

या रिंगवर शेवटी आडवा आठ कोरलेला असतो. आडवा आठ म्हणजे अनंत, लांबात लांबची वस्तू. पण खरा फोकस कधीच त्या खुणेवर नेमका बसत नाही, जरासा अलीकडं नाहीतर पलीकडं असतो, आणि दर लेन्सचा वेगळा. तो शोधावा लागतो. भैरवीनं शोधला. खड्ड्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या झाल्या, तेव्हा बोट स्थिर ठेवून तिनं वाकून रिंगकडं बघितलं.

बरोबर त्या जागेवर एक ठिपका होता. मोहरीएवढा, जांभळा.

कुणीतरी तो नखानं खरवडून काढायला बघितला होता. पण नेलपॉलिश तसं निघत नाही. महाद्वार रोडवर दोघींनी मिळून घेतलेल्या बाटलीतलं नेलपॉलिश. बाटली अजून घरी आरशामागं होती. "उगं रोज कोण शोधत बसंल," असं म्हणत स्नेहलनं ठिपका दिला तेव्हा भैरवी शेजारीच बसून नखं रंगवत होती.

म्हणजे लेन्स कुठं गेलीच नव्हती. ज्या लेन्सपायी स्नेहलला गल्लीत चोर म्हणाले, जिच्यापायी तिची गाडी पंचगंगेच्या घाटावर सापडली आणि ती स्वतः पार खाली, नृसिंहवाडीला, ती लेन्स या म्हाताऱ्याच्या कपाटात होती.

भैरवीच्या तोंडात शिवी आली. कॉलेजात ती त्यासाठी प्रसिद्ध होती. ओठ उघडणार, तेवढ्यात मागं पत्र्यावर काहीतरी पडलं.

टक्.

आणि घरंगळत पन्हळीपर्यंत गेलं.

३

पोरं असतील. माकड असेल. शेजारच्या चिंचेची चिंच. भैरवीनं पहिल्या वेळी असंच म्हटलं. पण शेजारी चिंच नव्हती, आणि पोरं आयपीएल बघत होती.

पुढच्या संध्याकाळी ती परत गच्चीवर गेली. दर वेळी असंच व्हायचं. फोकसची रिंग जांभळ्या ठिपक्यावर आली की जरा वेळानं टक्. चंद्र नसेल त्या दिवशी काही नाही. दुसरी लेन्स लावली तर काही नाही. एकदा पडदे एकावर एक रचून ती पत्र्यावर चढली. पन्हळीत खडे होते. नदीतले, गुळगुळीत. वैशाखाच्या उन्हात पत्रा हाताला चटका देत होता, आणि खडे ओले होते.

वाळत नाहीत का हे, असा प्रश्न तिनं स्वतःला विचारला आणि उत्तर न देता उतरली.

खरी गोष्ट कळली ती फोटो रचताना. चंद्राचा एक फोटो काढून भागत नाही. हवा थरथरत असते, कॅमेराही फोटोत आपले रवाळ दाणे मिसळत असतो. म्हणून ढीगभर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. थरथर दर फोटोत वेगळी असते, ती एकमेकीला खाऊन टाकते. जे सगळ्या फोटोंत आहे तेवढंच शिल्लक राहतं. स्नेहलला हा भाग फार आवडायचा. खोटं आपोआप गळून पडतं, म्हणायची.

भैरवीनं फोटो रचले. पडद्यावर चंद्र आला तो इतका सुरेख, की तिला क्षणभर अभिमान वाटला. मग डाव्या अंगाला, जिथं उजेड संपून अंधार सुरू होतो तिथं, तिला एक खाच दिसली. तिनं ती मोठी केली.

डोकं. खांदे. एक हात मागं नेलेला, काहीतरी फेकायच्या बेतात.

सुटे फोटो तिनं एकेक करून तपासले. कशातच काही नव्हतं. अर्धे काढून टाकून परत रचले, खाच तिथंच. लेन्समध्ये घाण असेल म्हणून टॉर्च मारला, काच निर्मळ. आणि घाण असती, किंवा शेजारच्या गच्चीवर कुणी उभं असतं, तर नुसता धुरकट डाग आला असता. फोकस अनंतावर होता. ती आकृती काठोकाठ कोरल्यासारखी होती. म्हणजे ती जी कोण होती, ती चंद्राइतक्याच लांब होती.

महिन्याभरानं, पुढच्या अष्टमीला, आकृती मोठी झालेली होती. कोरीव तितकीच. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरलेला, कायम जड बॅग वाहणाऱ्या माणसाचा असतो तसा.

४

भैरवीनं एक खडा घरी नेला आणि ओट्यावर ठेवला. आई भाकरी थापत होती. तिचे हात पिठातच थांबले.

"कुठनं आणलास ह्यो?"

"दुकानाच्या पत्र्यावरनं. रोज पडत्यात."

आईनं तवा उतरवला. बराच वेळ ती नळाकडं तोंड करून हात धूत राहिली.

"चवथीचा चांद बघू नको म्हणून घसा फोडून सांगितलं हुतं मी तिला," ती म्हणाली. "गणपती बसल्याला दिवस. अख्खं गाव मान खाली घालून चालतंय, आणि ही गच्चीवर कॅमेरा लावून. दुसऱ्या दिवशी लेन्स गेली. आला का न्हाय आळ?"

"आई, लेन्स अण्णांच्या कपाटात हुती."

"मला काय ठावं? आळ तर आला." आईनं पदराला हात पुसले. "मीच सांगितलं तिला. कुणाच्यातरी पत्र्यावर खडा टाक, त्यानं शिवी दिली की आळ उतरतोय. आमच्यात करत्यात. आधी हसली. मग गेली. दुसरं काय उरलं हुतं तिच्याजवळ?"

"कुणाच्या पत्र्यावर?"

"ज्यानं आळ घेतला त्याच्याच. मी खालीच हुतो, बोळात. तिनं खडा टाकला. अण्णा खिडकीत आला, वळखलं त्यानं. त्याच्या तोंडात शिव्या काय कमी हाईत? दूधवाल्याला देतोय, कुत्र्याला देतोय, फॅन बंद पडला तर फॅनला देतोय. तिनं आणि एक टाकला. आणि एक. नुसता बघत ऱ्हायला आणि खिडकी लावून घेतली."

भैरवीला ती खिडकी डोळ्यांसमोर दिसली. हिरव्या रंगाची, कडी जरा सैल.

"आणि तू मला त्याच्या पाया पडाय सांगतीस."

"एक गेली. दुसरीला तरी त्यानं सांभाळून घ्यावं म्हणून," आई म्हणाली. मग खड्याकडं न बघता, हळू आवाजात, "तू दे की शिवी. कुणी बी दिली तरी चालतंय. पोरगी सुटंल माझी."

५

हा विचार पक्का करून भैरवी गच्चीवर गेली. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, हे तिनं जिना चढताना स्वतःला बजावलं. विश्वास नसला तर एक शिवी द्यायला काय हरकत आहे?

रिंग ठिपक्यावर आणली. टक्.

शिवी दातांपाशी आली. चांगली, भरघोस, रंकाळ्यापर्यंत ऐकू जाईल अशी. खाली घरात अण्णा कुणालातरी फोनवर सांगत होते, "अहो पावणं, पोरगी हुशार हाय, पण बहिणीगत हात लांब निघू नयेत म्हणून नजर ठेवाय लागतीया." आणि हसले.

भैरवीनं दात मिटले. जीभ दाताखाली धरली, रक्ताची चव येईपर्यंत.

टक्. टक्. मग जरा थांबून, विनवणी केल्यासारखा, एक अगदी हलका. टक्.

"अजून न्हाय, ताई," ती म्हणाली. "अजून थोडी जवळ ये."

त्या संध्याकाळच्या फोटोत आकृतीनं अर्धा चंद्र झाकला होता. हात आता खाली होता आणि डोकं जरासं वळलेलं. भैरवीनं तो फोटो याहून मोठा करून बघितला नाही.

मग पाऊस लागला आणि चंद्र गेला.

६

गणपती बसले त्या दिवशी सकाळपासून धार होती. दुपारी उघडलं, आणि संध्याकाळी पश्चिमेला आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं. ढोल वाजत होते. खालच्या गल्लीत बायका ताटं घेऊन, माना खाली घालून चालल्या होत्या. पश्चिमेच्या तांबड्या पट्टीवर चवथीची कोर लागली होती आणि तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

"अण्णा, क्यालेंडरचा चांद तयार हाय. वर येऊन बघा," भैरवीनं जिन्यातून हाक मारली.

"आज? खुळी का काय!"

"पडद्यावर बघायचाय. आभाळात बघा म्हणून कोण म्हणतंय?"

अण्णांनी विचार केला. "ते बी खरंच. टीव्हीवर दिसतोय की चांद, कुणाला आळ येतोय?"

ते आले तेव्हा पाऊस नव्हता, तरी छत्री उघडी होती. ती डोळ्यांवर ओढून, पायांकडं बघत, ते गच्चीवरून पत्र्याच्या खोलीत शिरले. बाहेर ट्रायपॉडवर कॅमेरा पश्चिमेकडं तोंड करून उभा होता. त्याची वायर दाराखालून आत आली होती आणि धबधब्याच्या पडद्यासमोर ठेवलेल्या मॉनिटरला जोडली होती. भैरवीनं दार लोटून घेतलं.

"चवथीसारखीच कोर की ही," अण्णा म्हणाले. "झ्याक आलिया." मग डोळे बारीक करून, "पर हलतंय का हे?"

"हवा हलतीया, अण्णा."

"फोटोत कसली हवा हलतीया?"

"आत्ताची."

छत्री त्यांच्या हातातून गळाली. ते दाराकडं वळले, पण भैरवी दाराला पाठ लावून उभी होती.

"लेन्सवर जांभळा ठिपका हाय," ती म्हणाली. "तुम्ही खरवडलाय, पण गेला न्हाय."

अण्णांनी एकदा मॉनिटरकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. उगाच मोठा आवाज करायला गेले आणि तो मध्येच बसला.

"अमरसिंगनं नेलती. पोरगाच माझा, काय करू? मला न सांगता गोव्याला घेऊन गेलता. आणून दिली तवर पोरगी गेलती. मग कुणाला सांगू? सांगून ती माघारी येणार हुती व्हय?"

"तिनं खडा टाकला तवा जित्ती हुती की ती."

अण्णांनी वाकून छत्री उचलली आणि मिटली.

"उद्या आरतीला गल्ली गोळा होती. सगळ्यांसमोर सांगायचं. स्नेहलनं चोरी केली न्हाय, एवढंच."

"या वयात माझी शोभा करतीस?"

टक्.

डोक्यावर, पत्र्यावर. अण्णांची मान वर गेली. भैरवी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. त्यांनी आवाज ओळखला होता.

टक्. टक्. पन्हळीतून पाण्याची एक धार दारासमोर उतरली. आभाळ कोरडं होतं.

मॉनिटरवर कोरीचं खालचं टोक नाहीसं झालं. मग वरचं. ढग आला असं म्हणता आलं असतं, पण ढगाला केस नसतात. पडद्यावर आता फक्त केस होते, ओले, बट न् बट सुटी दिसत होती, प्रत्येक बटेच्या टोकाला थेंब. फोकस अनंतावर होता. इतक्या जवळचं काही स्पष्ट दिसायला नको होतं. भैरवीचं डोकं हे शांतपणे सांगत होतं आणि दारामागं, तिच्या पाठीपासून चार पावलांवर, ट्रायपॉडचा पाय फरशीवर किंचित सरकल्याचा आवाज आला.

केस हलले. एक कान दिसला. कानात मोत्याची कुडी, भैरवीच्या कानात होती त्याच जोडीतली. मग गालाची कड. ती वळत होती.

अण्णांचं तोंड उघडलं. जीभ वर गेली, दातांना टेकली.

"स्..."

शिवी येतेय, भैरवीला वाटलं. आता, या घडीला, वर्षभरानं. शिवी दिली की आळ उतरला, ती सुटली, आणि हा म्हाताराही सुटला. खाली जाऊन मोदक खाईल.

तिनं झेप घेऊन दोन्ही तळव्यांनी त्यांचं तोंड दाबलं.

"आता न्हाय," ती म्हणाली. "तवा द्यायची हुतीस."

अण्णांनी धडपड केली. त्यांचा श्वास तिच्या बोटांतून फुसफुसला, तोच अर्धा आवाज, परत परत. तिनं मॉनिटरकडं पाठ केली होती. तिला दिसत होते ते फक्त अण्णांचे डोळे आणि त्यांत, मोहरीएवढा, उजळलेला पडदा. त्यात कुणीतरी पुरतं वळलं. अण्णांची बुबुळं मोठी होत गेली. मग पडदा विझला.

७

अण्णांच्या जिभेला काही झालेलं नाही, घशालाही नाही, मेंदूचा फोटो स्वच्छ आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण ते बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी आरतीला सांगायचं होतं ते सांगायचं राहिलं.

ट्रायपॉडवर नुसता कॅमेरा मिळाला, पुढचं तोंड उघडं. लेन्स नव्हती.

"भैरवीनंच लांबवली," अमरसिंह गल्लीत सांगत सुटला. "आणि बाबांना कायतरी केलं तिनं." लोकांनी माना हलवल्या. रक्त एकच, म्हणाले. ती कुणाला काही समजावायला गेली नाही. चवथीची कोर तिनंही बघितली होती, नुसत्या डोळ्यांनी.

"आता तू बी खडा टाक, बाई," आई रडत म्हणाली. "कुणाचीतरी शिवी खा. माझ्या दोन्ही पोरी गेल्या तर मी काय करू?"

एक गोष्ट भैरवीला सुचत राहते, भांडी घासताना, बसची वाट बघताना. स् म्हणजे शिवीच कशावरून? त्यांच्या बऱ्याच शिव्या तशाच सुरू होतात, हे खरं. पण स्नेहलचं नावही तिथूनच सुरू होतं. कदाचित म्हातारा शेवटी तिचं नाव घेणार होता. जे ऐकायला ती त्या दुकानात गेली होती तेच ओठांवर आलं असेल, आणि तिनं स्वतःच्या हातांनी ते आत दाबलं असेल. हे विचारायची सोय राहिलेली नाही.

अष्टमीला, दिवेलागणीच्या आत, ती बोळात जाऊन उभी राहिली. अर्धा चंद्र वर होता. हिरव्या खिडकीत अण्णांना खुर्चीत बसवलेलं होतं. तिनं खडा उचलला आणि पत्र्यावर टाकला.

टक्.

शेजारच्या घरांतली माणसं आवाज ऐकून बाहेर डोकावली आणि आत गेली. आजारी माणसाच्या दारात तोंड खराब कशाला करायचं, म्हणून कुणी शिवी देत नाही. एकामागून एक खिडक्या लागल्या. अण्णांचा हातही कडीकडं गेला, पण पोचला नाही. त्यांनी तिला बघितलं. मग तिच्या शेजारी बघितलं. तोंड उघडलं, जीभ वर गेली.

"स्... स्..."

भैरवीच्या डाव्या कानाजवळून काहीतरी गार सूं करून गेलं आणि पत्र्यावर दुसरा खडा आपटला. तिच्या खड्यापेक्षा जड. तिच्या गालावर दोन थेंब उडाले.

एक शिवी. तिच्या तोंडात ती तयार होती. दिली असती तर त्या शेजारच्या ओल्या श्वासाला घरी जाता आलं असतं.

भैरवीनं वळून बघितलं नाही. ती वाकली, मातीतून एक बरा खडा निवडला, आणि बाहीला पुसला.

"थांब, ताई," ती म्हणाली. "आता माझी पाळी."